मैदान तयार, तारीख कधी?

पणजीत मांडवीच्या काठाला कांपाल आहे. तिथल्या तरणतलावात २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं आणि तिथंच निवृत्ती जाहीर केली. महिलांमध्ये याच शर्यतीचं सुवर्ण त्याच्या पत्नीनं, ऋजुता खाडेनं पटकावलं. वर्तमानपत्रांनी पती-पत्नीच्या सुवर्णाची बातमी कौतुकानं छापली आणि ती होतीही तशीच. मला मात्र त्या बातमीतला वीरधवलच्या वयाचा आकडा सुटला नाही. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेलेला हा मुलगा. २०१०मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य त्यानं जिंकलं, तेव्हा भारताला आशियाई जलतरणात चोवीस वर्षांनी पदक मिळालं होतं. पुढे तो महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत तहसीलदार झाला, मधली काही वर्षं पाण्यापासून दूर गेला, पुन्हा परतला आणि २०१८मध्ये जकार्ताला त्याचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. केरळमध्ये २०१५ साली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्यानंतरची राष्ट्रीय स्पर्धा झाली ती २०२२ साली गुजरातमध्ये. जलतरणपटूच्या ऐन उमेदीची तेवीस ते एकतीस ही वर्षं राष्ट्रीय स्पर्धेविना गेली. वीरधवलला जाण्यासाठी आशियाई स्पर्धा होती, विश्वचषक होते. ज्यांची सर्वांत मोठी स्पर्धा हीच असते, अशा हजारो मुलामुलींकडे काय होतं?

मोठ्या क्रीडा स्पर्धेच्या तयारीबद्दल आपण बोलतो तेव्हा स्टेडियम, निधी, रस्ते, उद्घाटनाचा सोहळा यांच्याबद्दल बोलतो. या लेखात मला तारखेबद्दल बोलायचं आहे. ठरलेल्या दिवशी स्पर्धा होणं ही खेळाडूच्या दृष्टीनं पहिली सुविधा आहे. बाकीच्या साऱ्या सुविधा तिच्यानंतर येतात.

राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा दर दोन वर्षांनी व्हावी, असा संकेत आहे. आजच्या, ऑलिंपिकच्या धर्तीवरच्या स्वरूपात ती सुरू झाली १९८५मध्ये दिल्लीला. तिथून मोजू. १९८७ केरळ. मग थेट १९९४, मुंबई-पुणे. १९९७ कर्नाटक, १९९९ मणिपूर, २००१ पंजाब, २००२ हैदराबाद. मग पाच वर्षांचं खिंडार आणि २००७ गुवाहाटी. २०११ झारखंड, २०१५ केरळ, २०२२ गुजरात, २०२३ गोवा, २०२५ उत्तराखंड. चाळीस वर्षांत तेरा. हिशेबानं वीसच्या वर व्हायला हव्या होत्या. झारखंडची स्पर्धा इतक्या वेळा पुढे गेली की खेळाडूंनी तिची वाट पाहणंच सोडून दिलं होतं, आणि ती झाल्यावर उपकरणखरेदीतल्या कथित गैरव्यवहारांच्या चौकशीमुळे तिचं नाव बातम्यांत राहिलं.

धावपटूच्या प्रशिक्षकाला विचारा, तारीख पुढे गेली की काय होतं. स्पर्धेचा दिवस धरून तो उलटा हिशेब मांडतो. शेवटचे दोन आठवडे व्यायामाचा भार कमी करायचा, म्हणजे शरीर ताजं होऊन मैदानात उतरतं. त्याच्या आधीचे सहा-आठ आठवडे वेगाचे. त्याच्या आधीचे काही महिने पायाभरणीचे, कंटाळवाण्या लांब धावांचे आणि वजनांचे. शरीर वर्षातून एकदा, फार तर दोनदा शिखरावर येतं आणि तिथं पंधरा-वीस दिवस टिकतं. तारीख महिनाभर सरकली की ते शिखर वाया जातं आणि पुन्हा पायापासून चढावं लागतं. कुस्ती, मुष्टियुद्ध, वेटलिफ्टिंग या खेळांत वजनगटाचा प्रश्न आणखी वेगळा. एकोणीस वर्षांच्या मुलाला एका गटात राहायला सांगून सहा महिने अर्धपोटी ठेवता येत नाही.

शरीराच्या पलीकडे संसार आहे. पोलीस दलातल्या किंवा रेल्वेतल्या खेळाडूला सरावासाठी सुट्टी मंजूर करून घ्यावी लागते. बारावीतल्या मुलीला परीक्षा आणि शिबिर यांची सांगड घालावी लागते. खासगी नोकरीतला मुलगा बिनपगारी रजा टाकतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे अनेक घरांत राष्ट्रीय पातळीवरचं पदक हे नोकरीच्या दारापर्यंत नेणारा कागद असतो, आणि नोकरीला वयाची अट असते. ज्या मुलीचं सर्वोत्तम वर्ष २०१८ होतं, तिला त्या वर्षी पळायला राष्ट्रीय स्पर्धाच मिळाली नाही. तिचं नाव कुठल्याही पदकतक्त्यात नाही आणि ते शोधण्याचा मार्गही नाही. "सर, तारीख नक्की आहे ना?" हा प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मैदानांवर त्या काळात किती वेळा विचारला गेला असेल, आणि प्रशिक्षकांनी त्याला काय उत्तर दिलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

गोव्याची कहाणी या सगळ्याचा नमुना आहे, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी.

पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांची लुसोफोनिया स्पर्धा २००६ला मकावमध्ये आणि २००९ला लिस्बनमध्ये झाली. तिसरी गोव्याला मिळाली. ब्राझील, पोर्तुगाल, अंगोला, मोझांबिक, पूर्व तिमोर अशा देशांचे खेळाडू येणार होते. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये ठरलेली ही स्पर्धा मैदानं वेळेत न झाल्यामुळे पुढे गेली आणि २०१४च्या जानेवारीत १८ ते २९ या तारखांना पार पडली. याच काळात गोव्यात ताळगावच्या पठारावर विद्यापीठाजवळ श्यामाप्रसाद मुखर्जी बंदिस्त स्टेडियम उभं राहिलं. नावेलीचं मनोहर पर्रीकर यांच्या नावाचं स्टेडियम, म्हापशाजवळचं पेडेचं संकुल, बांबोळीचं ॲथलेटिक्स मैदान ही सगळी त्याच दशकाची कमाई. फातोर्ड्याचं मोठं स्टेडियम १९८९पासून होतंच आणि २०१७मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकासाठी त्याची डागडुजी झाली. थोडक्यात, राष्ट्रीय स्पर्धा भरवण्याइतकं बरंच सामान गोव्याकडे दशकाच्या मध्यालाच होतं.

छत्तिसावी राष्ट्रीय स्पर्धा गोव्याला मिळाली होती आणि ती २०१६ला व्हायची होती. ती २०१७वर गेली. मग २०१८वर. मग ३० मार्च ते १४ एप्रिल २०१९ अशी अगदी नेमकी तारीख ठरली, पण लोकसभा निवडणूक आली. पोलीस, शिक्षक, सरकारी वाहनं सारं निवडणुकीच्या कामाला जुंपलं जाणार होतं. मग २० ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर २०२०. या वेळी शुभंकरही जाहीर झालं होतं: रुबिगुला, गोव्याचा राज्यपक्षी असलेला लालकंठी बुलबुल. करोना आला आणि बुलबुलही थांबला. अखेर २०२२मध्ये छत्तिसावी स्पर्धा गुजरातनं भरवली आणि गोव्याच्या वाट्याला सदतिसावी आली. शुभंकरही बदललं. गोव्याचा राज्यप्राणी गवा 'मोगा' या नावानं पुढे आला.

करोनाचा दोष कुणाला देता येणार नाही. पण निवडणूक केव्हा येणार हे पाच वर्षं आधी माहीत असतं. एप्रिल-मे २०१९मध्ये लोकसभेची निवडणूक होणार हे २०१४ सालीच कुणीही सांगू शकलं असतं. त्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा ठेवणाऱ्यांनी आणि ती मान्य करणाऱ्यांनी खेळाडूंच्या वेळेची किंमत शून्य धरली होती, असं मी म्हणेन.

वाट पाहणाऱ्या इमारतींचंही नुकसान होतं. गोव्यात जून ते सप्टेंबर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. समुद्राची खारी हवा लोखंडाला, विजेच्या जोडण्यांना, वातानुकूलन यंत्रांना खाते. पळण्याचा सिंथेटिक ट्रॅक साधारण आठ-दहा वर्षं टिकतो, तेही नीट निगा राखली तर. लाकडी फरशीच्या बंदिस्त मैदानात दमट हवा साठून राहिली की फळ्या फुगतात. स्पर्धेसाठी बांधलेली वास्तू स्पर्धेविना सात पावसाळे काढते, तेव्हा स्पर्धेच्या आधी तिच्यावर दुसऱ्यांदा खर्च करावा लागतो.

न्यायाची एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. या विलंबानं गोव्याला रस्ते दिले. २०१६ला स्पर्धा झाली असती तर विमानतळ एकच, दाबोळीचा. मडगावहून पणजीला येणाऱ्या प्रत्येक बसला जुन्या झुआरी पुलावर अडकावं लागलं असतं, आणि त्या पुलावरची कोंडी ज्यानं अनुभवली आहे तो वेळापत्रकाची स्वप्नं पाहत नाही. २०१९मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला. २०२२च्या डिसेंबरमध्ये नव्या झुआरी पुलाच्या पहिल्या मार्गिका सुरू झाल्या आणि मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. २०२३ला आलेल्या संघांना वेगळाच गोवा मिळाला. पण हे पूल स्पर्धेसाठी थांबले नव्हते आणि स्पर्धा पुलांसाठी. दोन्ही आपापल्या गतीनं आले, नशिबानं एकाच वेळी.

गुजरातचं उदाहरण गोव्याच्या नेमकं उलट आहे. तिथं स्पर्धा होणार असं २०२२च्या जुलैत जाहीर झालं आणि २९ सप्टेंबरला उद्घाटन झालं. तीन महिन्यांहून कमी वेळ. अहमदाबाद, गांधीनगर, सुरत, वडोदरा, राजकोट, भावनगर अशा सहा शहरांत ३६ खेळ झाले आणि ट्रॅक सायकलिंग दिल्लीला गेलं, कारण वेलोड्रोम तिथं आहे. मैदानं आधीच होती, ती वाटून घेतली, आणि जे नव्हतं ते नव्यानं बांधण्याचा हट्ट धरला नाही. मला या निर्णयात खरी तयारी दिसते. गोव्यानंही पुढच्या वर्षी ट्रॅक सायकलिंग आणि गोल्फ दिल्लीला पाठवलं. काहींना त्यात यजमानाचा कमीपणा वाटला. पंधरा दिवसांसाठी वेलोड्रोम बांधून नंतर त्यावर गवत उगवू देण्यापेक्षा ते शंभर पटींनी शहाणपणाचं होतं.

तर २६ ऑक्टोबर २०२३ला फातोर्ड्याला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. ४३ खेळ, २८ ठिकाणं, दहा हजारांहून अधिक खेळाडू. म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव, वास्को अशा पाच शहरांत कामाची विभागणी होती आणि काही खेळ तर उद्घाटनाच्या आधीच सुरू झाले होते. २०११च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती, अशा राज्यानं हा भार उचलला. पर्यटकांचा हंगाम नुकताच सुरू होत होता. हॉटेलांच्या खोल्या, बसगाड्या, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक हे सगळं पर्यटनाशी स्पर्धा करून मिळवायचं होतं.

प्रेक्षकाला अशा आयोजनातला दहावा भागही दिसत नाही. प्रत्येक खेळाला एक स्पर्धा संचालक असतो. मैदानातली माणसं त्याला 'डीओसी' म्हणतात. त्या सगळ्यांच्या वर ऑलिंपिक संघटनेची तांत्रिक समिती, 'जीटीसीसी'. सांघिक खेळांत कोणती राज्यं पात्र ठरली हे आधीच्या राष्ट्रीय अजिंक्यपदावरून ठरतं. ती यादी आली की प्रवेशिका, प्रवेशिकांवरून ओळखपत्रं, ओळखपत्रांवरून खोल्या, खोल्यांवरून जेवण आणि बस. एक यादी उशिरा आली की पुढचं सगळं घसरतं. खेळाडूच्या गळ्यातलं ओळखपत्र वेळेत छापलं गेलं नाही तर त्याला सरावाला मैदानात शिरता येत नाही. रात्री दोनला उतरलेल्या संघासाठी गरम जेवण आहे का, सकाळी सहाच्या शर्यतीला जाणाऱ्या मुलीसाठी पाचला न्याहारी आहे का, यावर तिचा दिवस ठरतो. आयोजनाचा अनुभव असलेली माणसं उद्घाटनाच्या आतषबाजीपेक्षा या पाच वाजताच्या न्याहारीची काळजी जास्त करतात.

सामानाची कथा वेगळीच. बांबूउडीचा पोल पाच मीटरच्या आसपास लांब असतो आणि तो दुमडत नाही. रेल्वेच्या डब्यात तो न्यायचा म्हणजे दर प्रवासाला तिकीट तपासनिसाशी, कधी रेल्वे पोलिसांशी वाद. आपल्या देशात राष्ट्रीय पातळीवरच्या उडीपटूंना आजही खिडकीच्या गजांना पोल बांधून प्रवास करावा लागतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. नेमबाजाला शस्त्रपरवाना आणि काडतुसांचे कागद विमानतळावर दाखवावे लागतात. आठ जणांच्या रोइंगची होडी सतरा मीटरहून लांब असते, तिला ट्रेलर लागतो आणि घाटातली वळणं सांभाळावी लागतात. शापोरा नदीतलं रोइंग हे तर आणखी नाजूक काम. तिथं भरती-ओहोटी आहे. दोन किलोमीटरच्या सरळ मार्गिका खुणेच्या तरंडांनी आखायच्या आणि पाणी मात्र दर काही तासांनी दिशा बदलणार. शर्यतीचं वेळापत्रक तिथं समुद्राला विचारून करावं लागतं.

समुद्राचा विषय निघालाच आहे तर एक दुःखद गोष्ट सांगतो, कारण ती तयारीचाच भाग आहे. २०१५ला केरळमध्ये स्पर्धा चालू असताना महाराष्ट्राचा एक तरुण नेटबॉलपटू तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडून मरण पावला. मैदानावरचा सामना संपला की मुलं फिरायला जाणार, आणि देशाच्या मधल्या जिल्ह्यांतून आलेल्या कितीतरी मुलांनी समुद्र तेव्हाच पहिल्यांदा पाहिलेला असतो. गोव्यात तर मिरामार, कोलवा, दोनापावला सगळी नावं किनाऱ्यांचीच. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत, ही त्या राज्याची जमेची बाजू. पण संघव्यवस्थापकानं पहिल्याच रात्री मुलांना बसवून लाल झेंड्याचा अर्थ समजावून सांगणं, हे कुठल्याही आयोजन पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हवं.

तारखेचा आणखी एक पेच २०२३ला होता. करोनामुळे पुढे गेलेली हांगझूची आशियाई स्पर्धा ८ ऑक्टोबरला संपली. तिथं भारतानं १०७ पदकं जिंकली. बीडचा अविनाश साबळे, साताऱ्याची अदिती स्वामी, नागपूरचा ओजस देवतळे ही मराठी नावं त्यात झळकली. आणि तीन आठवड्यांच्या आत गोवा. देशातल्या अव्वल खेळाडूंची शरीरं त्या वेळी विश्रांती मागत होती. बरेच जण आलेच नाहीत आणि त्यांना बोल लावता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेला देशातले सर्वोत्तम खेळाडू हवे असतील तर आंतरराष्ट्रीय वेळापत्रक समोर ठेवूनच तारीख धरावी लागेल. यजमान राज्याच्या सोयीनं ती ठरली की स्पर्धेचं वजन घटतं.

महाराष्ट्रासाठी मात्र गोवा ऐतिहासिक ठरला. ८० सुवर्ण, ६९ रौप्य, ७९ कांस्य अशी २२८ पदकं आणि राजा भलिंद्रसिंग करंडक. याआधी महाराष्ट्र अव्वल आला होता तो १९९४ला, स्वतःच्या घरी. सेनादलाला ६६ सुवर्णं मिळाली, हरियाणाला ६२. सेनादलाच्या पदकांमध्येही मराठी जवान असतात, पण ते महाराष्ट्राच्या खात्यात मोजले जात नाहीत, हे तक्ता वाचताना लक्षात ठेवावं. ठाण्याची तालबद्ध जिम्नॅस्ट संयुक्ता काळे हिनं चार सुवर्णं आणि एक रौप्य जिंकलं. ओडिशाच्या प्रणती नायकबरोबर तिला स्पर्धेतली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून गौरवण्यात आलं. पुण्यात राजू दाभाडे यांनी घडवलेला रोलबॉल पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत आला. लगोरी प्रात्यक्षिक खेळ म्हणून आली. मल्लखांब गुजरातपासूनच होता.

गोव्यानं स्वतः २७ सुवर्ण, २७ रौप्य, ३८ कांस्य अशी ९२ पदकं मिळवून नववा क्रमांक घेतला. यजमानाचा आलेख असा उंचावतोच. केरळ २०१५ला घरच्या मैदानावर दुसरा आला, उत्तराखंड २०२५ला १०३ पदकं घेऊन सातवा. मणिपूरनं तर १९९९ला इंफाळमध्ये पहिला क्रमांक पटकावला. यात गैर काही नाही. घरची मुलं पहिल्यांदा एवढ्या मोठ्या तयारीला बसतात आणि त्यांना प्रशिक्षक मिळतात. फक्त फार कमी राज्यांत खेळले जाणारे खेळ वाढवून मिळवलेल्या पदकांवर पुढच्या दहा वर्षांचं धोरण उभारू नये. आणि एक काळा डागही आहे. गोव्यातल्या चाचण्यांत पंचवीसच्या आसपास खेळाडू उत्तेजक द्रव्यांसाठी दोषी सापडले. राष्ट्रीय पदकाला नोकरी आणि रोख बक्षिसं जोडलेली असतात, तिथं हा मोह वाढतो. स्पर्धा सात वर्षांनी एकदा मिळणार असेल तर तो आणखी वाढतो, असं मला वाटतं. पुढची संधी कधी येईल हे ज्याला माहीत नाही, तो आजच्या संधीसाठी काहीही करायला तयार होतो.

खेळाडूला मोठ्या स्पर्धेला पाठवणं ही आपल्याकडची जुनी धडपड आहे. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला जे भारतीय गेले त्यांची निवड पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींतून झाली. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी खेड्यांतून आलेल्या, अनवाणी पळणाऱ्या मुलांमध्ये ऑलिंपिकची शक्यता पाहिली आणि स्वतःच्या खिशातून पैसा ओतला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. १९२४पासून देशांतर्गत ऑलिंपिक भरू लागलं, तेच आजच्या राष्ट्रीय स्पर्धेचं मूळ. एका शतकापूर्वी, तारायंत्र आणि आगगाडीच्या काळात, ही माणसं ठरल्या दिवशी स्पर्धा भरवण्याचा प्रयत्न करत होती.

स्पर्धा संपल्यावर काय उरतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण लॉन बोल्सचं आहे. २००७ला गुवाहाटीत आणि २०११ला रांचीत राष्ट्रीय स्पर्धेसाठी या खेळाची हिरवळ तयार झाली. तेव्हा देशात हा खेळ कुणाला ठाऊकही नव्हता. गुवाहाटीच्या हिरवळीवर दुखापतीमुळे वेटलिफ्टिंग सोडलेली नयनमोनी सैकिया आली. रांचीच्या हिरवळीवर झारखंड पोलिसातली लव्हली चौबे आणि रूपा राणी तिर्की खेळू लागल्या. दिल्लीची पिंकी सिंग त्यांना मिळाली आणि २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या चौघींनी भारताला या खेळातलं पहिलं सुवर्ण दिलं. ज्या झारखंडच्या स्पर्धेवर मी वर टीका केली, तिच्या एका हिरवळीचं हे फळ. हिरवळ कापायला माळी राहिला, मुलींना आत येऊ दिलं गेलं, एवढ्यावर हे घडलं.

आमच्याकडे बालेवाडी आहे. १९९४च्या स्पर्धेसाठी म्हाळुंगे-बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं, तेव्हा तो पुण्याबाहेरचा माळ होता. २००८ला तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली, पुढे एटीपीची टेनिस स्पर्धा आली, आज संकुलाभोवती शहर वाढलं आहे. मधल्या वर्षांत त्याची आबाळ झाली हे पुणेकरांना सांगायला नको. तरी महाराष्ट्राच्या ८० सुवर्णांमागे बालेवाडीची शिबिरं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या क्रीडा प्रबोधिनी आहेत, हेही खरं. गोव्यातली स्टेडियमं आज सकाळी सहाला शाळकरी मुलांसाठी उघडी असतात का, तिथं पगारी प्रशिक्षक आहेत का, बांबोळीच्या ट्रॅकवर आठवड्यातून किती मुली पळतात, यावर गोव्याच्या स्पर्धेचा निकाल लागेल. त्यासाठी दोडामार्ग-सावंतवाडीची मुलंही जवळच आहेत. ताळगाव त्यांना कोल्हापूरपेक्षा जवळ पडतं. दोन राज्यांनी ठरवलं तर सिंधुदुर्गातल्या मुलांना गोव्यातल्या मैदानांवर सराव करता येईल. सीमा आडवी येऊ नये.

२०२४ची म्हणून ठरलेली अडतिसावी स्पर्धा उत्तराखंडात २०२५च्या २८ जानेवारीपासून १४ फेब्रुवारीपर्यंत झाली. महाराष्ट्रानं १९८ पदकं जिंकली, सर्व संघांत सर्वाधिक, पण ५४ सुवर्णांमुळे ६८ सुवर्णांच्या सेनादलामागे दुसरा क्रमांक आला. पुढचा ध्वज मेघालयाकडे गेला आहे. २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे आणि २०३६च्या ऑलिंपिकची भाषा दिल्लीत रोज ऐकू येते. ऑलिंपिक मागणाऱ्या देशाला स्वतःच्या राष्ट्रीय स्पर्धेची तारीख पाळता आली पाहिजे.

म्हणून भारतीय ऑलिंपिक संघटनेकडे आणि केंद्र सरकारकडे मागणी अगदी साधी आहे. मेघालयानंतरच्या दोन स्पर्धांचे यजमान आणि त्यांच्या नेमक्या तारखा आत्ताच जाहीर करा. निवडणुका, पावसाळा, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा हे सगळं समोर ठेवून त्या ठरवा, आणि यजमान मागे हटला तर त्याच तारखेला स्पर्धा घेणारं दुसरं राज्य आधीच नेमून ठेवा. गुजरातनं ते तीन महिन्यांत करून दाखवलं आहे. आणि महाराष्ट्रानं यजमानपद मागावं. १९९४नंतर आपण ते एकदाही घेतलेलं नाही.